साहेबांकडे जेवायला गेलं की निघता का येत नाही?

ऑफिस सुटायच्या सुमारास साहेब सांगतात की वरून तातडीचं काम आलंय, आज सगळ्यांना उशिरापर्यंत थांबावं लागेल. लोक कुरकुरतात, पण करतात काय? ठरलेले बेत रद्द होतात. मग साहेब सगळ्यांसमोर मुख्य कचेरीला फोन लावतात, माझ्या माणसांना घरदार आहे असं ठणकावतात आणि काम रद्द करून घेतात. आनंदीआनंद. त्यानंतर साहेब हळूच एकाच्या टेबलापाशी येतात. संध्याकाळचं काय मग? तो बिचारा काय सांगणार, आत्ताच तर सगळे बेत मोडलेत. बरं झालं, मग तुम्ही दोघं आमच्याकडेच जेवायला या.

'द ऑफिस' या अमेरिकन विनोदी मालिकेतल्या 'डिनर पार्टी' या भागाची ही सुरुवात. साहेब म्हणजे मायकल स्कॉट, सापळ्यात अडकलेला जिम हाल्पर्ट आणि त्याची मैत्रीण पॅम बीसली. पुढच्याच क्षणी जिम कॅमेऱ्यापुढे बसून सांगतो की हे आमंत्रण आम्ही निदान नऊ वेळा चुकवलं होतं, पण या खेपेला मानलं बुवा. वरून काही काम आलंच नव्हतं अशी आता शंका येतेय.

१० एप्रिल २००८ रोजी एनबीसी वाहिनीवर हा भाग पहिल्यांदा दाखवला गेला. पुढे मालिकेच्या चाहत्यांमध्ये त्यावरून तट पडले. मालिकेतला सर्वांत उत्तम भाग कोणता, या वादात हे नाव हमखास निघतं. आणि 'तो एक भाग मला बघवत नाही' असं म्हणणारेही हेच नाव घेतात. गंमत म्हणजे त्यात घडतं फार थोडं. तीन जोडपी जमतात, जेवण वेळेवर होत नाही, यजमान भांडतात, पोलीस येतात, लोक घरी जातात. एवढ्यावर इतकं हसू कसं येतं, आणि हसताना इतकं कसंनुसं का होतं?

पुष्कळ जण याचं उत्तर 'नवरा-बायकोचं भांडण' असं देतात. मला ते अर्धवट वाटतं. भांडणारी जोडपी दूरचित्रवाणीवर ढिगाने आहेत. या भागाला धार आहे ती हुद्द्याची. कामाचे तास संपले तरी साहेब साहेबच राहतो, आणि त्याच्या घरात जाऊन बसलेल्या माणसाला तिथून उठण्याचा अधिकार उरत नाही. बाकीचं सगळं या एका गोष्टीभोवती रचलेलं आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. मूळ 'द ऑफिस' ब्रिटिश. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांनी रचलेली, २००१ मध्ये बीबीसीवर आलेली. ग्रेग डॅनियल्स यांनी तिचा अमेरिकन अवतार केला. तो २००५ ते २०१३ असा नऊ पर्वं आणि २०१ भाग चालला. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन या लहानशा शहरात डंडर मिफलिन नावाच्या कागदविक्री कंपनीची शाखा आहे आणि एक माहितीपट बनवणारी मंडळी तिथल्या कर्मचाऱ्यांचं रोजचं आयुष्य टिपताहेत, असा सगळा बनाव. म्हणून कॅमेरा हातात धरलेला, थोडा हलणारा. म्हणून पात्रं मध्येच कॅमेऱ्याकडे बघतात किंवा एकटी बसून त्याच्याशी बोलतात. मागे ध्वनिमुद्रित हशा नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

आणखी एक व्यक्ती ओळखून घ्यायला हवी. जॅन लेव्हिन्सन. ती एके काळी कंपनीच्या न्यूयॉर्कच्या कचेरीत मायकलची वरिष्ठ होती. दोघांचं जुळलं, तुटलं, पुन्हा जुळलं. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी जॅनची नोकरी गेली आणि ती मायकलच्या घरी राहायला आली. तिने कंपनीवर दावा लावला, तर त्या प्रकरणात मायकलची साक्ष कंपनीच्या पथ्यावर पडली. 'डिनर पार्टी' नेमकी त्याच्या लगेच पुढची आहे. म्हणजे पाहुणे दारात येतात तेव्हा त्या घरात दाव्याचा निकाल, गेलेली नोकरी आणि पैशाची ओढाताण आधीच येऊन बसलेली असते. कालची साहेबीण आज कालच्या हाताखालच्या माणसाच्या घरात, बिनपगारी. पण घरात हुकूम मात्र तिचाच. मेलोरा हार्डिन यांनी हे काम इतकं थंड डोक्याने केलंय की जॅन हसली तरी छातीत धस्स होतं.

आता मूळ मुद्द्याकडे. पाहुणे आले की मायकल आणि जॅन त्यांना घर दाखवायला निघतात. इथे अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाची मदत घेतली तर गोष्ट झटकन उलगडते. गॉफमन मूळचे कॅनडातले. संशोधनासाठी ते स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर राहिले, आणि तिथल्या एका हॉटेलात त्यांच्या लक्षात आलं की जेवणघरात अदबीने वावरणारी माणसं मधलं दार ओलांडून स्वयंपाकघरात शिरली की चालणं, बोलणं, हसणं सगळं बदलतं. १९५६ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी यावरून साधी मांडणी केली. माणसं एकमेकांसमोर नाटकासारखी वावरतात. एक दर्शनी भाग असतो, तिथे आपण ठरलेली भूमिका करतो, आणि एक विंगेतला भाग, तिथे भूमिका उतरवून ठेवतो. दोन्हींमध्ये पडदा असतो. हा पडदा जागेवर राहावा यासाठी दोन्ही बाजूंचे लोक धडपडत असतात.

घरी पाहुणे आले की आपण तेच करतो. बाहेरची खोली आवरतो, पसारा आतल्या खोलीत कोंबतो आणि दार ओढून घेतो. मायकल आणि जॅन पाहुण्यांना थेट विंगेत नेतात. शयनगृहात पलंगाच्या पायथ्याशी एक अरुंद बाकडं आहे. मायकल सांगतो की आपण तिथे झोपतो, कारण जॅनला पलंगावर मोकळी जागा लागते. एवढं सांगून तो थांबत नाही, त्यावर अंगाचं मुटकुळं करून दाखवतो. सगळे बघत उभे. खोलीत तिकाटण्यावर लावलेला व्हिडिओ कॅमेराही आहे. त्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि तेच शहाणपणाचं आहे.

मग टीव्ही. मायकलने २०० डॉलरला प्लाझ्मा टीव्ही घेतलाय आणि त्याचा त्याला केवढा अभिमान! टीव्ही भिंतीवर आहे, आकाराने एखाद्या बऱ्यापैकी पुस्तकापुढेही लाजावा एवढा लहान. मायकल सांगतो की कधी कधी आपण इथेच उभं राहून तासन् तास टीव्ही बघतो. जागा वाचते म्हणून तो टीव्ही ढकलून भिंतीला आणखी चिकटवून दाखवतो. सरकतो जेमतेम चार बोटं. जिम कौतुक करतो. दुसरं करणार काय?

जिमचं हे कौतुक म्हणजे या भागाचं इंजिन. गॉफमन सांगतात की एखाद्याची भूमिका सगळ्यांदेखत फसायला लागली की बघणारे सहसा टाळ्या पिटत नाहीत, सांभाळून घेतात. दिसलेलं न दिसल्यासारखं करतात, विषय बदलतात, उगाच हसतात. समाजाचं रोजचं वंगण ते हेच. मित्रांमध्ये मात्र या सांभाळून घेण्याला मर्यादा असते. यजमान मित्र आणि त्याची बायको पाहुण्यांसमोर एकमेकांचे वाभाडे काढायला लागले, तर दहा मिनिटांनी कुणीतरी उठतंच. 'चला, तुम्ही बोला निवांत, आम्ही निघतो.' मैत्रीत एवढा हक्क असतो.

साहेबाच्या घरी तो नसतो. उद्या सकाळी याच माणसासमोर हजेरी आहे. पगारवाढ, सुट्टी, कामाची वाटणी त्याच्याच हातात. त्यामुळे सांभाळून घेणं हे सौजन्य न राहता कामाचा भाग होऊन बसतं, तेही बिनपगारी. जिम आपल्या घरात पाणी शिरल्याची थाप मारून सटकायला बघतो. मायकलचं उत्तर असं की वस्तू काय, नव्या घेता येतात, पार्टी कुठे नवीन मिळते. मित्राने हे म्हटलं असतं तर जिमने हसून चप्पल घातली असती. साहेबाने म्हटल्यावर जिम मान डोलावून थांबतो. दार उघडंच आहे, कुणी कुलूप लावलेलं नाही, आणि तरी कुणी बाहेर पडू शकत नाही. संहितेचं सगळं कौशल्य इथे आहे असं मला वाटतं.

मायकलला यातलं काही कळत नाही, आणि तो दुष्टही नाही. त्याला मित्र हवेत. एकट्या माणसाची ती साधी भूक आहे. पण त्याला मिळू शकणारी माणसं सगळी त्याच्या हाताखालची, आणि हाताखालचा माणूस 'हो' म्हणाला तर ते मैत्रीतलं 'हो' आहे की नोकरीतलं, हे ओळखायचा त्याच्याकडे काही मार्ग नाही. ओळखायची त्याची इच्छाही नाही म्हणा. संध्याकाळ थोडी सरल्यावर तो जिम आणि ऑफिसातलाच दुसरा पाहुणा अँडी यांना जॅनच्या मेणबत्त्यांच्या धंद्यात १०,००० डॉलर घालण्याची गळ घालतो. साहेबाने घरी जेवायला बोलावून पैसे मागणं. यात आपण काही गैर करतोय असं त्याच्या चेहऱ्यावर चुकूनही दिसत नाही.

दुसऱ्याची फजिती बघताना आपल्याला का अवघडतं? यावर जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी काम केलंय. झोरेन क्राख, फ्रीडर पाउलुस आणि सहकाऱ्यांचा निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना अवघड प्रसंगांची रेखाचित्रं दाखवून त्यांच्या मेंदूतल्या हालचाली तपासल्या, तेव्हा दुसऱ्याच्या वेदनेने जे भाग जागे होतात तेच याही वेळी जागे झालेले दिसले. त्यातला एक तपशील आपल्या कामाचा आहे. फजिती होणाऱ्याला ती कळलेली असो वा नसो, बघणाऱ्याला अवघडल्यासारखं होतंच. म्हणजे आपण त्याची लाज 'वाटून घेत' नाही, कारण त्याला लाज वाटतच नाहीये. त्याच्या जागी आपण असतो तर, या विचाराची लाज आपण स्वतःच तयार करतो. टीव्हीपुढे उभा असलेला मायकल खुशीत आहे. सगळा भार बघणाऱ्यावर.

मग याला हसू का येतं? पीटर मॅग्रॉ आणि केलेब वॉरेन या दोघा संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेला एक विचार इथे उपयोगी पडतो. एखादा नियम मोडला जातोय आणि तरी त्यात फारसं कुणाचं नुकसान नाही, असं दोन्ही एकाच वेळी जाणवलं की हसू येतं. नियम मोडलाच नाही तर कंटाळा; नुकसान खरं वाटायला लागलं तर हसू विरतं. 'डिनर पार्टी' लिहिणाऱ्या ली आयझनबर्ग आणि जीन स्टुपनित्स्की यांनी ही रेघ जागेवर ठेवलेलीच नाही. ती ते हळूहळू पुढे सरकवत नेतात. बाकडं गमतीचं आहे. काचेच्या सरकत्या दाराचा किस्सा त्याहून थोडा पुढचा: आइस्क्रीमची गाडी आल्यासारखी वाटली म्हणून मायकल पळत सुटला आणि बंद दारातून आरपार गेला, हे जॅन पाहुण्यांना ऐकवते. मग नसबंदीचं भांडण येतं. जॅनला मूल हवं की नको या तिच्या बदलत्या मनापायी मायकलने शस्त्रक्रिया करून घेतली, उलटवली, पुन्हा करून घेतली. कात्रीचे आवाज काढत तो ओरडतो तेव्हा आपण फिस्सकन हसतो, आणि त्याच दमात कळतं की हा माणूस खरोखर दुखावलाय. अशी ठिकाणं या भागात ओळीने आहेत. संहिता वाचून वाहिनीच्या लोकांना ती फार काळोखी वाटली होती, असं लेखकांनी पुढे सांगितलंय. वाटणारच.

त्यात पोटात अन्न नाही. जॅनने मेन्यूत ओस्सो बुको ठेवलंय. हा इटलीतल्या मिलान भागातला पदार्थ. वासराच्या नळीचं मांस मंद आचेवर तासन् तास शिजवायचं. पाहुणे येऊन बसल्यावर कळतं की ते शिजायला अजून तीनेक तास आहेत. स्पेनमध्ये लोक मध्यरात्रीच जेवायला बसतात, असं यावर समर्थन. आपल्याकडे पाहुण्याला 'पानं घेतलीत' म्हणायला अर्धा तास उशीर झाला तरी घरची बाई दहादा बाहेर येऊन 'झालंच हं' म्हणते. त्या नजरेने हा प्रकार बघितला तर घाम फुटतो. पण लेखनाच्या दृष्टीने ही युक्ती नामी आहे. उपाशी पाहुणा निघू शकत नाही, कारण ज्यासाठी आला ते अजून झालेलंच नाही. जेवण व्हायचं बाकी आहे तोवर 'निघतो' म्हणायला सभ्य असं कारणच नसतं. पॅम कॅमेऱ्याला सांगते की हे माझ्याबद्दल काय वाटेल ते बोलोत, मला फक्त जेवायचंय, आणि जेवणाच्या पार्टीत ही मागणी जरा जास्तच आहे हे मला समजतं.

असं कॅमेऱ्याशी बोलणं हे या मालिकेतलं कुकरचं शिट्टीचं भोक. ऑफिसात जिम साहेबाच्या नकळत कॅमेऱ्याकडे नजर टाकतो आणि आपण त्याच्या बाजूचे होतो. कोंडलेली वाफ जाते. मायकलच्या घरी हे कठीण होऊन बसतं. जागा लहान, माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, आणि कॅमेराही त्याच खोलीत अवघडून उभा. जिम तरीही संधी साधून सांगतो की मायकल आणि जॅन यांचा आपापसात वेगळाच खेळ चाललाय, पाहुण्यांना किती कानकोंडं करता येतं ते बघायचा, आणि त्यात दोघंही जिंकताहेत.

आणि हशा नाही. मागे ध्वनिमुद्रित हशा असला की प्रेक्षकाला आयती परवानगी मिळते. इथे हसा, यात काही गंभीर नाही. ती नसली की शांतता तशीच पडून राहते. जॅन आपल्या एका माजी साहाय्यकाच्या, हंटर नावाच्या तरुणाच्या गाण्याची सीडी लावते आणि नाचायला लागते. गाण्याचे शब्द ऐकले की या दोघांत काय घडलं असेल याचा अंदाज खोलीतल्या सगळ्यांना येतो. मायकलला येतो की नाही, कळत नाही. इथे कुणी हसत नाही, कुणी बोलतही नाही. प्रेक्षकाने काय करायचं ते त्याचं त्याने ठरवायचं. दिग्दर्शक पॉल फिग यांनी अशा जागी घाई केलेली नाही, हे त्यांचं मोठं श्रेय.

दुसऱ्या दोन पाहुण्यांबद्दल, म्हणजे अँडी आणि अँजेला यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अँजेलाला अँडी मनातून आवडत नाही, आणि ते तिच्या तोंडावर सतत दिसतं. ऑफिसातलाच ड्वाइट श्रूट मात्र महत्त्वाचा. त्याला बोलावलेलंच नाही, कारण पार्टी फक्त जोडप्यांसाठी आणि वाइनचे पेले सहाच. तर हा पठ्ठ्या स्वतःचे पेले, स्वतःचं जेवण आणि जोडीदार म्हणून लहानपणी आपल्याला सांभाळणारी बाई, असं सगळं घेऊन दारात हजर! त्या रात्री त्या घरात यावंसं वाटणारा हा एकटाच. कारण ड्वाइटला हुद्दा मनापासून प्रिय आहे. साहेबाच्या घरी जेवायला जाणं हे त्याच्या लेखी ओझं नाही, मान आहे. बाकीच्यांच्या तोंडावर जे हसू चिकटवलेलं आहे ते त्याच्या तोंडावर खरं आहे, आणि म्हणून तोच सर्वांत विचित्र दिसतो.

जेवण येतं तेव्हा भांडण टेबलावरच आहे. मायकल मांसाचा तुकडा वाइनच्या पेल्यात बुडवून खातो. जॅन त्याला टोकते तर तो आपले दात नाजूक असल्याचं सांगतो, आणि दुखावतो. शेवटी जॅन डंडी उचलून टीव्हीवर भिरकावते. डंडी म्हणजे मायकल दरवर्षी आपल्या कर्मचाऱ्यांना वाटतो ती हौशी पारितोषिकाची बाहुली. ऑफिसातल्या साहेबीचं हे चिन्ह त्याच्या घरातल्या एकमेव अभिमानाच्या वस्तूवर आपटतं आणि दोन्ही मोडतात. लेखकांनी हे मुद्दाम योजलंय की हाताशी आलेली वस्तू म्हणून, कोण जाणे. बसलंय मात्र चपखल.

पोलीस येतात, रात्रीपुरतं कुणीतरी इथून जावं असं ठरतं आणि मायकल ड्वाइटबरोबर निघतो. इथे मला एक गोष्ट नेहमी खटकत आली आहे: पाहुण्यांची सुटका शेवटी बाहेरच्या सत्तेने, गणवेशातल्या माणसांनी केली. आतून कुणाला ते जमलं नाही. ही कथानकाची पळवाट म्हणायला हरकत नाही. पण जे लोक हुद्द्यामुळे अडकलेत त्यांना सोडवायला साहेबाहून मोठा हुद्दाच हवा, असं म्हटलं तर तक्रार ढिली पडते.

याच मालिकेत याच्या बरोबर उलटा भागही आहे. २००५ मध्ये आलेला 'ईमेल सर्व्हेलन्स', दिग्दर्शन पुन्हा पॉल फिग यांचंच. तिथे जिमच्या घरी पार्टी आहे, सगळ्या ऑफिसला बोलावणं आहे, एकट्या मायकलला नाही. आणि हे मायकलला कळतं ते कर्मचाऱ्यांच्या ईमेल चोरून वाचल्यामुळे. तो न बोलावता जाऊन धडकतो. खोलीतल्या गप्पा थांबतात. मग तो कॅराओकेवर एक युगुलगीत एकटाच गायला लागतो, दुसरा आवाज कुणाचा नाही, आणि ते बघवत नाही. थोड्या वेळाने जिम पुढे होऊन त्याच्याबरोबर गातो. दोन भाग शेजारी ठेवून बघा. माणसं तीच, अवघडलेपण तेच. पण पहिल्यात घर जिमचं आहे, म्हणून दया दाखवायची की नाही हे जिमच्या हातात आहे, आणि तो ती दाखवतो. दुसऱ्यात घर साहेबाचं. तिथे जिमने दाखवलेली दया आणि नोकरीची मजबुरी वेगळी काढता येत नाही.

पडद्यामागेही त्या दिवसांत कामाच्या तासांबाहेरचाच झगडा चालू होता. ५ नोव्हेंबर २००७ ते १२ फेब्रुवारी २००८ असा शंभर दिवस अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप झाला. इंटरनेटवर दाखवल्या जाणाऱ्या कामाचे पैसे लेखकांना मिळावेत, ही त्यातली मोठी मागणी. 'द ऑफिस'च्या लेखकांना त्याचा थेट अनुभव होता. वाहिनीच्या संकेतस्थळासाठी त्यांनी २००६ मध्ये छोटे भाग लिहिले होते, आणि ती निव्वळ जाहिरात आहे असं म्हणत त्याचे वेगळे पैसे दिले गेले नव्हते. यातले काही लेखक मालिकेत कामही करत. मिंडी केलिंग, बी. जे. नोव्हाक, पॉल लीबरस्टीन. 'डिनर पार्टी'ची संहिता संपाआधी तयार होती, पण मायकलचं काम करणारे स्टीव्ह करेल यांनी लेखकांचं निदर्शन ओलांडून चित्रीकरणाला जायचं नाकारलं आणि काम ठप्प झालं. १५ नोव्हेंबर २००७ नंतर थेट एप्रिल २००८ मध्ये प्रेक्षकांना नवा भाग दिसला, तो हा. त्या वर्षी दूरचित्रवाणीच्या एमी पारितोषिकांच्या लेखन विभागात त्याला नामांकन मिळालं. पारितोषिक मात्र '३० रॉक'साठी टीना फे यांना गेलं.

भारतात या मालिकेचा हिंदी अवतार २०१९ मध्ये हॉटस्टारवर आला होता. विल्किन्स चावला नावाची कागद कंपनी, गाव फरिदाबाद, आणि साहेब जगदीप चड्ढा. काम मुकुल चड्ढा यांचं. साहेब ही चीज आपल्याला समजावून सांगावी लागत नाही, त्यामुळे ते रूपांतर अवघड जायचं कारण नव्हतं. तरी मूळ मालिकेपासून सुरुवात करावी असंच मी सुचवेन.

'डिनर पार्टी' एकटाच उचलून पाहिला तर निम्मा निसटतो. आधी 'ईमेल सर्व्हेलन्स' बघा. मग तिसऱ्या पर्वातला 'कॉकटेल्स'; त्यात मायकल आणि जॅन जोडीने पहिल्यांदा कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याच्या घरी पार्टीला जातात, म्हणजे तिथे मायकल पाहुणा आणि साहेब दुसराच. त्याच पर्वाचा शेवट 'द जॉब', जॅनची नोकरी जाते तो. चौथ्या पर्वातला 'द डिपॉझिशन' साक्षीचा. त्यानंतर मायकलच्या घरी जा, आणि जाण्याआधी जेवून घ्या.